पलूसच्या खाली, पांढऱ्या जमिनीत

पांढरं दिसतंय म्हणजे कोरडं असणार, एवढाच विचार मी केला होता. बाकीचं सगळं त्यातून घडलं.

वर्ध्याला परत येऊन आता बरेच दिवस झाले. माझ्या शिवणक्लासातल्या बायका अजून विचारतात, "मॅडम, नीट सांगा ना, काय झालं होतं?" मी सांगायला लागते आणि विहिरीपर्यंत आले की थांबते. म्हणून एकदाच लिहून काढते आहे.

लोणंद ते कोरेगाव

माझी मोठी नणंद शोभाताई. लग्न होऊन कोरेगावला गेली त्याला तीसेक वर्षं झाली. शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त झाली आणि घरात जीव रमेना म्हणून तिनं सायकल धरली. तिचं बघून, गुडघ्यांच्या निमित्तानं, मीही वर्ध्यात धरली. मग तिचा फोन सुरू झाला. "माधुरी, ये हिकडं. आपण नदीच्या कडंनं सांगलीपर्यंत जाऊ. डांबरी रस्ता नगंच. मुरमाचा, पाणंदीचा, कॅनॉलच्या कडंचा. पोराची जुनी सायकल हाय, रुंद टायरची, ती तुला."

पाणंद म्हणजे शेताशेतांतून जाणारी गाडीवाट. आमच्याकडे तिला पांधण म्हणतात. शब्द जवळचा वाटला, म्हणून वाटही ओळखीचीच असेल असं मी धरून चालले.

मार्चच्या सुरुवातीला मी लोणंद स्टेशनवर उतरले, तर सगळ्या हवेला कांद्याचा वास. शोभाताई दोन्ही सायकली टेम्पोत घालून आली होती. एक हिरवी, तिची. एक लाल, भाच्याची. स्टेशनच्या बाहेर चहा घेतला आणि निघालो.

पहिला दिवस सोपा गेला असं म्हणणार नाही, पण समजण्यासारखा गेला. सालप्याच्या घाटाकडे जाताना उघडे डोंगर, पिवळं गवत, खडी. मला घरचंच वाटत होतं. घाट मी अर्धा चढले आणि अर्धा सायकल ढकलत नेली. पलीकडे वसना नदीच्या खोऱ्यात उतरलो, तसा रंग बदलत गेला. हरभरा निघालेला, गहू पिवळा पडलेला, आणि मध्येमध्ये उसाचे हिरवे ठोकळे. दुपारी एका धाब्यावर अख्खा मसूर घेतला. मी म्हटलं, "दादा, अजून एक पोळी द्या."

तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "पोळी? आज सण हाय व्हय?"

शोभाताई हसून हसून टेबलावर पडली. तिकडे पोळी म्हणजे पुरणपोळीच. आपली रोजची ती चपाती. तीस वर्षांपूर्वी सासरी पहिल्याच दिवशी तिनंही असंच पोळी मागितली होती आणि सासूबाईंना वाटलं होतं, सून भारीच लाडावलेली दिसते.

कृष्णेच्या काठानं

दुसऱ्या दिवशी कोरेगावहून निघालो आणि कृष्णा दिसली.

मी वर्ध्याची. आमच्याकडे मार्चमध्ये नदी म्हणजे वाळू आणि वाळूत खड्डे. इथे काठोकाठ पाणी, संथ, हिरवट, आणि दोन्ही बाजूंना ऊस इतका उंच, की सायकलवरून आभाळाची एक पट्टीच दिसायची. रहिमतपूरच्या पुढे मुरमाची एक वाट लागली. अख्खी दुपार आम्ही त्या वाटेनं पाण्याच्या आवाजाबरोबर चाललो होतो. कुठे पंप धडधडत होता, कुठे पाटातून पाणी चाललं होतं, कुठे पाइप फुटून कारंजं उडत होतं आणि त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. मी थांबून तो पाइप दाबून धरायला लागले. शोभाताई म्हणाली, "सोड गं. किती ठिकाणी दाबशील?"

रात्री कऱ्हाडला तिच्या मैत्रिणीकडे राहिलो. सकाळी टाकारीच्या बाजूनं खाली उतरायला लागलो, तेव्हा पहिला धक्का बसला.

एका गावात पाणी प्यायला थांबलो होतो. घराच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीच्याही वर, माझा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, निळ्या रंगाची आडवी रेघ मारलेली. मी विचारलं, हे काय? घरातली बाई तांब्या देत म्हणाली, "पूर. महापुराच्या वक्ताला हितवर पानी हुतं."

"इथवर? नदी कुठे आहे?"

तिनं हात केला. नदी दिसतसुद्धा नव्हती. मध्ये ऊस, शाळा, मैदान. "आमी तवा माळावर हुतो, जनावरं घिऊन. परत आलो तवा फ्रीज तुळईला टांगल्यावानी अडकला हुता." आणि ती हसली. मी त्या रेघेखाली उभी होते आणि डोक्यावरून पाणी गेल्यासारखं मला वाटत होतं.

दुसरा धक्का घाटावर. नदीच्या पायऱ्यांशेजारी पाटी होती, मगरींपासून सावध राहा, पाण्यात उतरू नका. पाटीवर मगरीचं चित्र. आणि पाटीच्या खांबाला पदर बांधून ठेवल्यासारखं ओलं लुगडं वाळत टाकलेलं. खाली तीन बायका गुडघाभर पाण्यात धुणं आपटत होत्या.

मी वरूनच ओरडले, "अहो, पाटी बघितली का?"

एकीनं मान वर केली. "बगितली की. ती पल्याड हाय आज."

"कोण?"

"मगर. हिकडं आली की आमी वर येतो." आणि पुन्हा धुणं.

शोभाताई मान उंचावून पल्याडचा काठ बघत होती. तीस वर्षं या नदीच्या वरच्या अंगाला राहूनही तिनं मगर पाहिली नव्हती. त्यानंतर आम्ही दोघीही पाण्याच्या जरा लांबूनच सायकली चालवायला लागलो.

पलूसच्या खाली

पलूस ओलांडून पुन्हा नदीकडे वळलो. इथे जमीन सपाट होत जाते आणि वारा ओलसर लागतो. उसाच्या फडांमध्ये अचानक मोकळे तुकडे यायला लागले. पाणकणसांची दाट बेटं, डबकी, त्यांत लांब लाल पायांचे शेकाटे. एका डबक्यात जांभळ्या पाणकोंबड्या इतक्या, की मी सायकल टाकून बघत राहिले. मला वाटलं, काय सुंदर जागा राखून ठेवली आहे लोकांनी. हा माणसाचा हात नसलेला पाणथळ भाग असेल, असंच मी समजले.

मग पांढरं दिसलं. फडाच्या कडेपासून दूरवर, दवबिंदू गोठावेत तसं, किंवा मीठ पसरून ठेवावं तसं. उन्हात डोळ्यांना लागत होतं. मध्येमध्ये खुरटं गवत, आणि एकच वठलेलं बाभळीचं झाड.

पाणंद तिथे अडली होती. ऊस भरलेली ट्रॉली चिखलात रुतून आडवी झाली होती आणि ट्रॅक्टर नुसताच गुरगुरत होता. शोभाताई सायकल उभी करून ड्रायव्हरशी बोलायला लागली. तिला कुणाशीही बोलायला आवडतं. मी कंटाळले. डावीकडे ते पांढरं मैदान सपाट पसरलेलं, पलीकडे पाणंद पुन्हा दिसत होती. पायानं दाबून पाहिलं. कुरकुर वाजलं, भाजलेल्या पापडासारखं. सायकलवर बसले आणि निघाले.

थोडं अंतर छान गेलं. पांढरी पापडी टायरखाली मोडत होती. मग पुढचं चाक एकदम खाली गेलं आणि मी हँडलवरून पुढे पडले.

पडल्याचं दुखलं नाही. खाली मऊ होतं. मी उठायला पाय टेकला आणि पाय टेकलाच नाही. गुडघ्यापर्यंत गेला. दुसरा टेकला, तो मांडीपर्यंत. काळा, थंड चिखल. वरच्या मिठाखाली इतका गार चिखल असेल हे मला अजून खरं वाटत नाही. मी धडपडले, तशी कमरेपर्यंत गेले.

ओरडायला तोंड उघडलं, आणि तेव्हा ती दिसली.

आधी मला वाटलं, ओंडका आहे. दोन बैलगाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर मध्ये मावतील, एवढंच अंतर. एका उंचवट्याला लागून पडली होती, अंगावर वाळलेला चिखल, जबडा थोडा उघडा. मग तिनं डोळा मिटला आणि उघडला.

माझा आवाज गेला. खरंच गेला. मी तोंड उघडते आहे आणि नुसता वारा बाहेर येतो आहे.

शोभाताईनं लाल सायकल आडवी पडलेली पाहिली आणि ती धावली. "काऊन गेली व तिकडे? माधुरी व! काऊन गेली व?" तीस वर्षांची सातारी बोली तिच्या तोंडून क्षणात गळून पडली. ती आमच्या वर्ध्याची, आमच्या अंगणातली शोभी होऊन ओरडत होती. तीही पांढऱ्यात पाऊल टाकणार, तेवढ्यात मागून कुणाचा तरी आवाज आला.

"थांबा! बाई, थांबा तितंच! आन वरडू नगा!"

बांधावर एक म्हातारी उभी होती, नऊवारी लुगडं, डोक्यावर गवताचा भारा. भारा तिनं तसाच खाली टाकला. त्या अक्का. तिथल्याच वस्तीवरच्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या जनावराकडे, आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "लेकी, हात पसर. बाजूला पसर. पाय हलवू नगंस. ती तुज्याकडं येनार न्हाई, तू तिच्याकडं जाऊ नगंस."

मी जाणार कुठे होते?

ट्रॅक्टरवाला धावत वस्तीवर गेला आणि अक्कांच्या दिराला घेऊन आला. ते फौजेतून हवालदार होऊन परतलेले, सगळे त्यांना आबा म्हणतात. सत्तरीचे असतील. खांद्यावर बांबूची लांब शिडी, मागे ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्यावर उसाच्या पाचटाचे भारे. आबा बांधावर आले, मला बघितलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. ते इकडेतिकडे बघायला लागले. त्या वठलेल्या बाभळीकडे, मग बांधाच्या कोपऱ्याकडे, मग परत माझ्याकडे.

"अक्का," ते म्हणाले, "बाई विहिरीवर हाय गं."

अक्कांनी तोंडावर हात नेला.

मला ऐकू आलं. विहीर. मी विहिरीच्या तोंडात उभी होते. नंतर कळलं ते असं, की ती त्यांची जुनी विहीर, दगडानं बांधलेली. जमीन पाणी धरायला लागली तेव्हा विहिरीचं पाणी खारट होऊन वरपर्यंत आलं. मग महापुरानं ती गाळानं बुजवून टाकली. वरून काही कळत नव्हतं, आणि खाली तळापर्यंत पातळ गाळ होता. पण हे सगळं नंतर. त्या वेळी फक्त 'विहीर' हा शब्द होता आणि माझ्या पायांखाली काही नव्हतं. मी बरगड्यांपर्यंत बुडाले होते.

आबांनी आवाज चढवला नाही. पाचट पसरत पसरत ते पुढे आले, त्यावर शिडी आडवी टाकली. शिडी माझ्यापर्यंत पुरेना. पुढे जाईल ते माणूस हलकं हवं होतं. शोभाताई म्हणाली, "मी जाते."

"तुमचं वजन?"

"विचारू नका. जाते."

ती शिडीवर पालथी पडली आणि सरपटत आली. माझी नणंद, जी माझ्या लग्नात मांडवात रुसून बसली होती, ती नाकातोंडात चिखल जात असताना माझ्याकडे हात लांब करत होती. बोटांना बोटं लागली. मग मनगट. आबांनी फेकलेला दोर तिनं माझ्या काखेखालून घातला, गाठ मारली. गाठ मारताना ती सारखं पुटपुटत होती, "होते व, होते, झालंच."

या सगळ्या वेळात अक्का कुठे होत्या ते मी पाहत होते. त्या मगरीच्या आणि आमच्या मध्ये, बांधावर, हातात लांब वासा धरून उभ्या होत्या. वासा उगारला नव्हता. नुसता जमिनीला टेकवून धरलेला. मगरीनं एकदा फुत्कार टाकला. मी तो आवाज आजही स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी सुटायच्या आधी ऐकते. अक्का जागच्या हलल्या नाहीत. त्या तिला म्हणाल्या, "झालं गं बाई, झालं. चाललेत ते."

आबा, ट्रॅक्टरवाला आणि शोभाताई, तिघांनी ओढलं. चिखल सोडत नव्हता. काहीतरी तुटेल असं वाटलं, बहुतेक मीच. मग एकदम आवाज झाला आणि मी शिडीवर येऊन पडले. बूट विहिरीत राहिले. सायकलही. मागचं चाक तेवढं वर दिसत होतं.

अक्कांचं घर

त्यांच्या वस्तीवर मला दोन हंडे गरम पाण्यानं आंघोळ घातली. अक्कांनी स्वतःचं लुगडं मला नेसवलं आणि हुलग्याचं माडगं वाटीत दिलं. गुळाचं, सुंठ घातलेलं, दाट. हुलगा म्हणजे कुळीथ, आमच्याकडे तो फारसा कुणी खात नाही. तो मी त्या दिवशी दोन वाट्या प्यायले.

बोलता आलं तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, "ती जमीन अशी का झाली?"

"पान्यानं," आबा म्हणाले.

मला कळेना. "पाण्यावाचून?"

"न्हाई. पान्यानं. लय पानी दिलं. आमी दिलं, वरच्यांनी दिलं, नदी जवळ, कॅनॉल जवळ. निचरा झाला न्हाई. खालनं मीठ वर आलं. हितं ऊस हुता, माझ्या डोक्याच्या वर. अक्काचं लगीन त्या बाभळीखाली लागलंय."

मी बाहेर बघत राहिले. ज्याला मी मघाशी राखून ठेवलेली सुंदर जागा म्हणत होते, ती यांची शेती होती. पाणकोंबड्या यांच्या उसाच्या सऱ्यांमध्ये पोहत होत्या. आम्ही वर्ध्यात पाणी नाही म्हणून जमिनी मेलेल्या पाहतो. पाणी मिळालं की सगळं ठीक होईल, एवढं एकच मला आयुष्यभर ठाऊक होतं. त्या ओसरीवर बसून विहिरीतून सावरायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ मला या गोष्टीतून सावरायला लागला.

शोभाताईनं विचारलं, "आणि ती मगर? माणसं एवढी जवळ होती, ती पळाली कशी नाही?"

"पळंल कशी?" अक्का म्हणाल्या. "त्या उंचवट्यात अंडी हायत तिची. आठ-धा दिस झालं. रोज बसती तितं."

"मग वनखात्याला कळवलं नाही?"

"त्यांचा मानूस बगून गेला. कुणी जवळ जाऊ नगा म्हनला. आमी तर जातच न्हाई." त्यांनी माझ्या वाटीत आणखी माडगं ओतलं. "आमचं पिकंना झालंय तितं. तिचं तरी पिकू द्या."

मला वाटलं होतं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते साधं सांगितलं, आज भाजीला काय केलंय ते सांगावं तसं.

सायकल काढायला आबा तयार होते, पण अक्कांनी नको म्हटलं. पिल्लं निघेपर्यंत त्या बाजूला कुणी जायचं नाही. शोभाताईनंही लगेच मान डोलावली. भाच्याची सायकल होती, पण त्याला काय सांगायचं ते तिनं तिथेच ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला एसटीनं गेलो. हिरवी सायकल टपावर, मी अक्कांच्या लुगड्यात आणि आबांच्या रबरी चपलांत. स्टँडवर शोभाताईनं भडंग घेतलं आणि पुडी माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला, तेव्हा तिनं पुडी सोडून माझं मनगट धरलं. जिथे आदल्या दिवशी धरलं होतं, तिथेच. भडंग सगळं स्टँडवर सांडलं. बराच वेळ तिनं हात सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही. लोक आमच्याभोवतीनं वळसा घालून जात होते.

लुगडं मी धुऊन, इस्त्री करून, सोबत एक नवं घालून पाठवलं. त्यानंतर आबांच्या फोनवरून अक्कांचे अधूनमधून फोन येत राहिले. काय जेवलीस, गुडघं कसं हायत, एवढंच.

मे महिना नुकताच लागला होता. क्लासला सुट्टी होती, मी एकटीच मशीनवर बसले होते. वर्ध्याचं ऊन, पंखा गरम हवा फेकत होता. फोन वाजला. अक्का कुजबुजत होत्या.

"लेकी, बोलू नगंस. आमी बांधावर हाय. आईक."

आधी नुसता वारा. मग लांबून, मातीच्या आतून यावा तसा आवाज. बारीक, तुटक, एकाला दुसऱ्यानं उत्तर द्यावं तसा. अंडी फुटायच्या आधी पिल्लं आतून आईला हाक मारतात, हे मला आबांनी नंतर सांगितलं. त्या वेळी मला काही माहीत नव्हतं. मी पंखा बंद केला आणि फोन कानाला धरून उभी राहिले. मग काहीतरी जड हललं, माती उकरल्याचा आवाज झाला.

"उकरतीय," अक्का म्हणाल्या. "पिल्लं आली गं, माझ्या रानात आली."